बारा नंबरचा खण

आता काय सांगू तुम्हाला! लोकांची लग्नं दारूपायी मोडतात, माझं जमत आलेलं लग्न हॅश टेबलपायी मोडलं. हसताय? हसा. चहा घेता घेता ऐका.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. बदलापुरात मी केबलवाल्याकडे इंटरनेटची लाइन सांभाळायचो. मालक नारूशेठ, उल्हासनगर कॅम्प दोनचे. लाइन एकच, गिऱ्हाइकं ढीगभर. कुठल्या घराला किती स्पीड द्यायचा, हे एक म्हातारं मशीन नियमांची यादी वरून खालपर्यंत वाचून ठरवायचं. वाचता वाचताच दमायचं बिचारं!

मी अक्कल लढवली. हॅश टेबल बसवलं. म्हणजे खणाखणांचं कपाट समजा. फ्लॅटच्या नंबरावरून डेटा थेट आपल्या खणात, आणि खणात त्या घराचा स्पीड.

त्याच सुमारास गायकवाडकाकांच्या माधुरीशी माझं बोलणं चाललं होतं. मुलगी मला फार आवडली होती, खोटं कशाला बोलू? सगळ्यांचा होकार होता, फक्त तिच्या दुबईच्या दादाचा बाकी. रविवारी तो मला कॅमेऱ्यावर बघणार होता.

"काका, लाइनची काळजी सोडा. मी बसलोय ना!" म्हणालो आणि त्यांच्या बारा नंबरच्या फ्लॅटच्या खणात खास स्पीड टाकला.

शनिवारी काकांचा फोन. "अहो, साधा मेल उघडत नाहीये."

मी बाराचा स्पीड दुप्पट केला. तरी तेच! मग चौपट केला.

नारूशेठ ओरडले, "अरे साईं, पूरा बदलापूर रो रहा है! तू कर क्या रहा है?"

"शेठ, सिस्टीम एकदम टॉप आहे."

रविवारी नवा शर्ट घालून काकांच्या घरी कॅमेऱ्यासमोर बसलो. दादाने विचारलं, "काम काय करता?"

"मी नेटचा स्पीड सांभाळ..." आणि चित्र गोठलं!

थोड्या वेळाने काकांना दादाचा फोन आला. "बाबा, मुलगा मघापासून तोंड उघडून नुसता बघतोय. बरा आहे ना?"

सोमवारी उलगडा झाला. खणात डेटा आला की इमारत कुठली, हे विचारायचंच मी विसरलो होतो. त्यामुळे प्रत्येक इमारतीतला बारा नंबरचा फ्लॅट त्याच खणात! काकांच्या खास स्पीडवर बदलापुरातले सगळे बारा नंबरवाले पिक्चर उतरवत होते, बाकी गावाची लाइन खात होते, आणि मी त्यांना वाढतच होतो.

एका ओळीत दुरुस्ती झाली. पण संध्याकाळी नकार आला. "राग मानू नका, दादाला काही पटलं नाही." दोन घास गिळवले नाहीत हो मला.

महिन्याभराने काका पेढे घेऊन ऑफिसात. "जय भीम! अंबरनाथचा मुलगा आहे. काय लाइन केलीत हो तुम्ही, दादाला त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा दिसली! एका बैठकीत पसंत."

पुढे दादाला सुट्टी मिळाली नाही. लग्न कॅमेऱ्यावरून दाखवायचं ठरलं. मग हॉलमध्ये लाइन कोणी ओढावी? अष्टगाथा चालू होती, वधूवरांवर फुलं पडत होती आणि मी टेबलाखाली वायर धरून बसलो होतो.

चित्र एकदाही अडकलं नाही.