माळावरचा विस्तव

समोरच्या रिकाम्या घरात आज नवं कुटुंब आलं. त्यातली बाई पेटतं निरांजन तळहाताच्या आडोशानं जपत जिना चढत होती. प्राचीन ग्रीक लोक नवं नगर वसवायला निघताना मूळ नगरातला विस्तव बरोबर नेत, असं सांगतात. रोम वसल्याची कथा भावानं सांडलेल्या भावाच्या रक्तानं सुरू होते. मला ही विस्तवाची जास्त जवळची वाटते.

आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा आईनं चुलीतले निखारे राखेत पुरून मडक्यात घेतले होते. ट्रकमध्ये माझे वडील, अण्णा, हसले, "अगं, काडेपेटी तिकडंही मिळते!"

"मिळू दे की," म्हणत तिनं गोणपाटात गुंडाळलेलं मडकं मांडीवर घट्ट धरलं.

माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोचल्यावर तिनं राख उकरली. एकच निखारा जिवंत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती फुंकत राहिली. चूल पेटली, तशा आजूबाजूच्या शेडमधल्या बायका गोवऱ्या घेऊन आल्या. "वयनी, इस्तू द्या जरा."

संध्याकाळी प्रत्येक शेडमधून धूर निघाला. अण्णा बराच वेळ तो बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आलं बघ गाव."