नावेतला पंप

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नावेतल्या पंपाची वायर. उजनीच्या पाण्यावर आमची मासेमारीची नाव आहे. फायबरची, जुनी. बुडाला चीर आहे, कितीदा बुजवली तरी पाझरतेच. मी जाळं टाकायचो आणि बायको डब्यानं पाणी उपसायची. तिचे गुडघे धरले तेव्हा तीच म्हणाली, आता पंप घ्या.

सोलापूरच्या दुकानात दोन तऱ्हा होत्या. एकाचा खटका आत, दिसतच नाही. दुसऱ्याचा बाहेर, पाणी चढलं की खटका तरंगून वर येतो आणि पंप आपोआप चालू. दुकानदार पहिल्याच्याच मागं लागला.

"आत खवलं अडकलं तर काय करू?" बायको म्हणाली. "ह्योच द्या. हातानं उचलून बघता येतंय की."

सकाळी नावेत बसून जोडाजोडी केली. मी वायर इंजिनच्या चावीवरून घेत होतो. म्हटलं, चावी बंद केली की बॅटरी वाचेल.

"अवो, रातच्याला आपण घरात, नाव पाण्यात. चावी कोण फिरवणार, मासं?"

राग आला, पण खरं होतं. वायर सरळ बॅटरीवर न्यायची, मध्ये फ्यूज. फ्यूजच आणला नव्हता. उद्या आणू म्हणालो. तेवढं टोक सुटं ठेवून बाकीचे जोड पाण्याच्या वर उंच बांधले, तिनं चिकटपट्टी दातानं तोडली. घरी येऊन भाकरी खाल्ली. दुपारी ती आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट.

दिवस मावळायला अग्नी दिला. घर माणसांनी भरलेलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं नाव. आज कोणी उपसलं नव्हतं. बुडाली तर इंजिन जाणार, मग मी खायचं काय?

उठलो तर धाकट्या भावानं हात धरला. "दादा, सुतक हाय. नावंला हात लावू नगं. लोक काय म्हणतील?"

"बुडाल्यावर लोक काढणार हायती व्हय?"

तरी त्यानं सोडलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी कोणाला न सांगता निघालो. गॅरेजवाल्याला उठवून फ्यूज घेतला. नाव कडेपर्यंत पाण्यात बसली होती, बॅटरी उंचावर म्हणून कोरडी. वायरचं दुसरं टोक धरायला कोणी नाही, पायाच्या अंगठ्यात धरलं. जोडताक्षणी पंप घुरघुरला, पाणी बाहेर पडू लागलं. नाव हळूहळू वर आली. मी फळीवर पाठ टेकली, तिथंच झोप लागली.