दवाखान्यातलं शुभवर्तमान

औषधं संपतात, पेशंट संपत नाहीत. आणि पेशंट आले की किस्से आलेच! लढाईच्या वर्षांत मी सांगलीकडच्या एका मिशन दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर म्हणजे एक गोऱ्या मडम. त्या तपासायला बसण्याआधी आमचे पाळकसाहेब व्हरांड्यात येशूची एक गोष्ट सांगायचे. आधी गोष्ट, मग औषध!

एकदा पांगळ्याची गोष्ट झाली. दारात गर्दी, म्हणून चौघा मित्रांनी घराचं छप्पर उचकटून त्याला येशूपुढं सोडला. कडेगावचा एक शेतकरी उठला. "त्यो बरा झाला, झ्याक झालं. पन आवं, घरवाल्याची कौलं कुनी बसवून दिली?"

पाळकसाहेब वीस वर्षं ती गोष्ट सांगत होते. हळूच मला म्हणाले, "खरंच रे, कुणी?"

*

येशूच्या वस्त्राला हात लावून एक बाई बरी झाली, हे ऐकलं आणि तापानं फणफणलेली एक म्हातारी मडमचा कोट सोडेचना!

"आजी, कोट सोडा. क्विनाइन घ्या."

"लय कडू आसतंय ते. आदी कोट बगू द्या!"

*

आटपाडीकडचे एक मेंढपाळ आजोबा मोतीबिंदूसाठी टेबलावर आडवे झाले. "येशूनं थुंकीत माती कालवून डोळं बरं केलं. तुमी सुरी कशापायी काढताय?"

"माझी थुंकी तेवढी पवित्र नाही, बाबा," मडम म्हणाल्या.

"मग सुरी तरी नीट धुवा!"

मडमनी सुरी पुन्हा उकळायला लावली.

*

"दहा महारोगी बरे झाले, आभार मानायला एकच परतला. बाकीचे नऊ कुठं गेले?" पाळकसाहेबांनी कळवळून विचारलं.

मागून आवाज आला, "सुगी आसंल, सायेब!"

*

आणि हा सर्जेराव. लढाईवरून परतला तो पाय गमावल्यासारखाच. पाय होते, पण उचलत नव्हते. मडम म्हणाल्या, "पायांना काही झालेलं नाही. भीती बसलीय." तीन महिने तो आमच्या व्हरांड्यातल्या बाजेवर पडून. आई घास भरवायची आणि पाठ फिरवून डोळे पुसायची.

एका सकाळी पाळकसाहेबांनी अडतीस वर्षं तळ्याकाठी पडून राहिलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. येशू त्याला म्हणाला, ऊठ, आपली बाज उचल आणि चालू लाग. सर्जेराव छताकडं बघत राहिला.

दुपारी मी जेवून आलो, तर सर्जेराव नाही, आई नाही, आणि बाजही नाही!

मडमनी मला सायकलवर पिटाळलं. चार मैलांवर त्याचं गाव. अंगणात बाज, बाजेवर सर्जेराव. आई दारात हात जोडून उभी.

"अरे, दवाखान्याची बाज आहे ती!"

"आवं, देवानं उचल म्हनलं, म्या उचलली, चालत आलो. परत ठेव म्हनलं न्हाई!"

मी परतून सगळं सांगितलं. मडम तडकल्या. "उद्या बैलगाडी पाठवा. बाज इथं आली पाहिजे!"

पाळकसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "मडम, आपण बाज आणली आणि तो परत आडवा झाला तर?"

मडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्याची उशी राहिलीय. ती पण पोचवून ये."