शाश्वत वाहतूक, व्हाया देवबाग

किस्से काही ठरवून जमा होत नाहीत हो. मी नेदरलँड्सला गेले ती इंजिनिअरिंगची पुढची पदवी घ्यायला, विषय सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट. पदवी अजून अर्धीच झालीय, किस्से मात्र बॅगेत मावत नाहीत. गावी आले की मैत्रिणी विषय काढतात आणि मी सुरू होते.

*

निघण्याआधी हा विषय आमच्या गावात, देवबागेत समजावून सांगणं, हीच माझी पहिली परीक्षा. वसंतकाकांना म्हटलं, "लोकांनी स्वतःच्या गाड्या कमी वापराव्यात, बसने जावं, याचा अभ्यास."

काकांच्या अंगणात कोरी गाडी उभी. पूजेचा हार अजून सुकला नव्हता.

"काय गो, आता खंय आमच्या दारात गाडी इली, आणि तू लगेच ती कमी करूक निघालंस?"

शेजारच्या मंगलकाकी मात्र खूश झाल्या. त्या मासळीची पाटी घेऊन रोज सकाळच्या बसने मालवणच्या बाजारात जातात. ती बस बंद होणार, अशी कुजबुज तेव्हापासूनच होती.

"शीक बाय, बरा शीक. रिक्षेवालो माझी पाटी घेणा नाय, वास येता म्हणता. ही गाडी गेली काय माझो धंदो गेलो!"

*

तिकडे पोचले, सायकल घेतली, फोटो घरी पाठवला. लगेच आईचा फोन.

"ह्यो फोटो कोणाक दाखवू नको हां! तुझ्या लग्नाचा बघतंव आमी!"

आठवड्याभरात नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच फोटो आला. सायकल कापलेली, मागे कुणाची तरी लांबलचक काळी गाडी! आणि खाली वसंतकाका: "आमचा चेडू सेटल झाला!"

*

आमच्या वर्गात पुण्याचा एक निखिल. 'गाडीमुक्त शहर' या विषयावर त्याचं प्रेझेंटेशन असं झालं की सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. थंडी पडली आणि साहेबांनी सेकंडहँड गाडी घेतली.

मी म्हटलं, "अरे, लाज?"

"अगं, अभ्यास वेगळा, थंडी वेगळी!"

बरं, सर तरी काय? विमानप्रवास कमी करण्याच्या परिषदेला गेले, तेही विमानाने. तिथे एकच बाई तत्त्वाला जागून ट्रेनने आल्या. त्या पोचेपर्यंत त्यांचं भाषण दुसऱ्याच कुणी तरी वाचून टाकलं होतं.

*

यंदा सुट्टीत आले तर ती कुजबुज खरी ठरलेली. डेपोचे साहेब म्हणाले, "एक दिवस मी स्वतः बसून बघतो. गाडी भरली तर ठेवू, नाही तर बंद."

मी घरोघर फिरले. मंगलकाकी तर लोकांच्या हातापाया पडल्या. सगळे म्हणाले, "येतलंव, येतलंव!"

आणि आला की हो अख्खा गाव! स्टॉपवर पाय ठेवायला जागा नाही. माझे तर डोळेच भरून आले. बसला हार घातला, नारळ फोडला आणि वसंतकाकांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा! ही आमची गाडी बंद करूचा कोणाच्या मनात इला आसात, तर ता दूर कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"हिका रोज गच्च भरान ने रे महाराजा!"

"होय महाराजा!" किनाऱ्यापर्यंत आवाज गेला असेल.

कंडक्टरने डबल बेल दिली. आत साहेब, मंगलकाकी, त्यांची पाटी आणि मी. बाहेर गाव आपापल्या बाइक-स्कूटर चालू करून घराकडे वळतोय! काकी खिडकीतून एकेकाला नावाने हाका मारतायत, अगदी रडकुंडीला आलेल्या. साहेब मागे वळून रिकाम्या सीटा बघतायत. मी दारात लोंबकळत ओरडले, "काका, चढा मां गाडयेत! साहेब बघतत!"

काकांनी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं.

"आमी कित्याक गो? देवाक सांगितला मां!"