हाळी न देता पाच गोळ्या

धनजहून सकाळची एसटी निघाली तेव्हा माझ्या पिशवीत डबा, आधारकार्ड, चष्मा आणि गुडघ्याला लावायचं तेल होतं. पन्नाशीला टेकलेली बाई रायफल शिकायला निघाली की सामान असंच असतं.

खिडकीखाली धाकटे दीर दिनकरराव उभे होते. कारंज्याला राहतात, पण मला हसायला आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते.

"वहिनी, कायले चाल्ल्या? धक्का बसला म्हंजे उताण्या पडसान!"

"पडली तर उठीन. तुमाले नाही बोलावनार उचलाले."

भांडण साधं होतं. मामंजींकडे (सासऱ्यांकडे) पीक राखायला परवान्याची रायफल आहे. आता त्यांना ती झेपत नाही, तेव्हा परवाना घरातल्या कुणाच्या तरी नावावर करून द्यायचा होता. त्यासाठी बंदूक शिकल्याचा दाखला लागतो. आमचे हे शर्यतीत नव्हतेच. दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की गुरांच्या आधी हे गोठ्यात शिरतात. उरलो दोघं. शेतात पोळ्याला तोंड दाखवणारे दिनकरराव, आणि वर्षानुवर्षं तुरीतून रोही (नीलगाई) हाकलणारी मी. मामंजींनी तोडगा काढला, "जो पयले दाखला आनन, त्याच्या नावानं सही." दिनकररावांचा वर्ग पुढच्या आठवड्यात होता. माझा आज. आज हुकले की बंदूक कारंज्याला जाणार आणि रोही तुरीतच राहणार.

कारंज्याला उतरून तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी तिखट, की डोळ्यांतलं पाणी पुसत जीपमध्ये बसले. शेजारच्या गृहस्थाला ते बघवलं नाही.

"मावशी, कोनी गेलं का?"

"नाही जी. रायफल शिकाले चाल्ली."

तो चार बोटं सरकला. गच्च भरलेल्या जीपमध्ये मला जागा मिळाली. शिक्षणाचा पहिला फायदा इथेच पदरात पडला.

शेलूबाजारपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना तूर पिवळ्या फुलात आली होती. मध्येच एखाद्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करायला उभ्या राहत. रोह्यांनी तुडवलेला पट्टा मला धावत्या जीपमधूनही ओळखू येत होता. बघावं तिकडे तोच दिसायला लागला, तशी मी बाहेर बघणं सोडलं.

शेलूबाजारच्या पुढे, आडरस्त्याला, एका टेकडीच्या पोटाशी वर्ग होता. टेकडीच्या अंगाला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे कागदी निशाणं, अलीकडे पोती अंथरलेली. आम्ही सहा शिकाऊ, त्यात बाई मी एकटीच. शिकवणारे निवृत्त हवालदार. त्यांना सगळे उस्ताद म्हणत.

"इथं एकच आवाज चालन, माझा," उस्ताद म्हणाले. "दुसरं कोनी ओरडलं म्हंजे खतरा. समद्यांचा फायर बंद. अन् ज्यानं तीनदा बंद पाडला, तो घरी. दाखला नाही."

पोत्यावर पालथं पडायला मला बराच वेळ लागला. साडी आवरली की चष्मा घसरे, चष्मा सावरला की गुडघा बोले. शेवटी दस्ता खांद्याला लागला. नेम धरला. चाप ओढला. आणि गोळीबरोबर माझ्या पोटातून निघालं, "हुर्र्ऽऽ हाऽऽ!"

सगळी रांग थंड.

"कोनाले लागलं?" शेजारचा शंकर ओरडला. त्याला बँकेत गार्डची नोकरी हवी होती, म्हणून आला होता.

"कोनाले नाही," मी म्हणाले. "गोफणीची सवय हाय."

पोरवयापासून माळ्यावर (शेतातल्या मचाणावर) उभी राहून मी गोफण फिरवत आले. दगड सुटताना हाळी द्यायची, ही आमच्याकडची रीत. अर्धी पाखरं दगडाला भितात, अर्धी आवाजाला.

उस्तादांनी दूरच्या निशाणाकडे बघितलं. "मंग? कागद भेला का?"

लोक हसले. मीही हसले. पण दुसऱ्या गोळीलाही तेच झालं, तेव्हा कुणी हसलं नाही.

"ताई, राहू द्या न," शंकर हळूच म्हणाला. "समद्यांले नाही जमत."

"पुढच्या महिन्यात या," उस्ताद म्हणाले. "आराम करा."

"पुढच्या महिन्यात नाही येत. माही एक पाळी बाकी हाय. ती घेऊनच जाईन."

बाकीच्यांच्या गोळ्या होईपर्यंत मी मागे बसून विचार केला. हाळी द्यायला छाती भरावी लागते. मी नेम धरताना श्वास भरून घेत होते, माळ्यावर घेते तसाच. छातीत वाराच नसेल तर ओरडणार कशानं?

समोर नवा कागद लावला होता. पुन्हा पालथी पडले. श्वास सोडला, सगळा. मग चाप. खांद्याला धक्का बसला, तोंड मात्र मिटलेलं. दुसरी. तिसरी. पाचवी गोळी संपेपर्यंत रेंजवर रायफलीशिवाय आवाज नव्हता. उस्तादांच्या हुकुमानं रायफल रिकामी करून दाखवली.

कागद आणला. मधल्या काळ्या गोलात एकही भोक नाही.

"मधात तर काहीच नाही," शंकर म्हणाला.

उस्तादांनी कागद उजेडात धरला. चार भोकं खाली डावीकडे, एका बांगडीत मावतील इतकी जवळ. पाचवं मातीला ठाऊक. "मधात आनाले माशी सरकवली की झालं," नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर बोट ठेवून ते म्हणाले. "हात सरकवता येत नाही. ह्या बाईचा हात पक्का हाय." आणि दाखल्यावर सही केली.

दिवे लागायच्या आत घरी पोचले. खांदा निळा झाला होता.

"कागदावर मारलं," दिनकरराव म्हणाले. "रोही कागदाची असते का? बाबा, आठ दिवस थांबा न, माहा वर्ग हाय."

"ऐंशी वर्साच्या मानसाले थांब म्हनतं?" मामंजींनी चष्मा लावला. "सूनबाई, सही कुठं करू, दाव."

त्यांनी सही केली. माझं पूर्ण नावही स्वतः लिहिलं.

अर्ज आता कचेरीत जाईल. तिथे कुणीतरी विचारेलच, बाईच्या नावावर काहून? साहेब जेवायला गेले, उद्या या, म्हणेल. मी डबा घेऊन जाणार आहे. रोही अंधार पडल्यावर येतात, कचेरी त्याच्या आधी बंद होते. तोवर मी तिथेच बसणार आहे, दारासमोरच्या बाकड्यावर.