पहिला डाव फुकट

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच, म्हणून व्हिडिओ गेममध्ये मरण्याचं काम माझ्याकडे आलं.

माझे वडील, म्हणजे नाना, जळगावात केळ्यांचा व्यापार करत. त्या वर्षी वादळात बागा आडव्या झाल्या आणि नानांनी धुळ्याच्या एका माणसाकडून व्हिडिओ गेमचं मशीन आणून पुढच्या खोलीत मांडलं. "दिवाळीच्या सुट्टीत चाललं तर ठेवा, नाहीतर भाऊबीजेला उचलून नेतो," असं तो बजावून गेला होता.

नानांचा धंद्यातला नियम एकच. आधी केळं सोलून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, मग भावाचं बोलायचं. "गेमबी चाखाले देनंच पडी!" असं म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली : 'पहिला डाव फुकट'.

पोरं आली, फुकट खेळली, गेली आणि शर्ट बदलून परत आली.

"तू सकाळीच येऊन गेलास ना रे?"

"तो माझा भाऊ, नाना!"

(एकेका घरात इतके भाऊ असतील, हे जनगणनेलाही ठाऊक नसावं.)

तेव्हा नानांनी चाखण्याची पद्धत बदलली. मी खेळून दाखवायचं, लोकांनी नुसतं पाहायचं. मी! वर्गात हजेरीला इतकं हळू 'प्रेझेंट' म्हणायचे की बाई माझी गैरहजेरी लावत! लोकांकडे बघावं लागू नये म्हणून मी पडद्यावरची नजर हलवायचेच नाही. परिणाम असा झाला, की माझा पडद्यावरचा माणूस मरायचाच बंद झाला.

खोली तुडुंब. अक्का, म्हणजे माझी आत्या, सगळ्यांना पाणी देऊन दमली. गल्ला मात्र रिकामा.

"खेळा की आता तुम्ही," नाना एका कॉलेजच्या मुलाला म्हणाले.

"ताई एवढं भारी खेळते, आम्ही पैसे देऊन इज्जत कशाला घालवू?"

नानांनी भाव निम्मा केला. तर तोच मुलगा म्हणाला, "मशीन बिघडलंय का, नाना?"

"वांगी स्वस्त झाली की लोक कीड शोधतात," अक्का म्हणाली. नानांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी केळी पिकून काळी पडल्यावर पाहिली होती.

भाऊबीज उजाडली. धुळ्याचा माणूस टेम्पो घेऊन दारात. नाना मशीनवरून हात फिरवत उभे, जणू गोठ्यातली म्हैस विकायला काढलीय. अक्काने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दात-ओठ खात म्हणाली,

"पोरी, आज तू मरस का नही?"

सणासुदीला सख्ख्या आत्याने असं विचारल्यावर काय करणार? भरल्या खोलीत जाऊन बसले आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा त्याच खड्ड्यात!

"हात्तिच्या! एवढं तर माझी आजीपण खेळेल!" कॉलेजचा मुलगा ओरडला आणि खिशात हात घातला. बघता बघता रांग रस्त्यावर गेली. नानांनी तिथल्या तिथे भाव वाढवला, तशी रांग आणखी लांबली. टेम्पो रिकामा परत गेला. टेम्पोवालाही एक डाव खेळून गेला.

मशीन राहिलं, आणि मी गावात प्रसिद्ध झाले. "ती बघ, पहिल्याच खड्ड्यात पडणारी!" भाजीबाजारात कोणीतरी कुजबुजलं. मी लाजून मान फिरवली, भराभर चालू लागले आणि नगरपालिकेने पाइपासाठी खणलेल्या चरात पिशवीसकट गेले.

लोक टाळ्या वाजवत होते. अर्थात, पहिला डाव फुकटच होता.