सुतकाच्या घरची पाहुणी

आडनाव एकच निघालं म्हणून दहिसरच्या त्या घरात मला राहायला जागा मिळाली होती. एकट्या फिरणाऱ्या बायकांचा फोनवर एक ग्रुप आहे. आपल्या गावात कुणी आली तर आपण तिला घरी ठेवायचं, आपण कुठे गेलो तर तिथली कुणीतरी आपल्याला ठेवते. बरेच दिवस मी इतरजणींचं नुसतं वाचत होते. मग धीर करून लिहिलं, नवरात्रात चार दिवस मुंबईला यायचंय, कान्हेरीची लेणी बघायचीत, कुणाकडे सोय होईल का? लगेच एकीचं उत्तर आलं, ‘अगं, आपलं आडनाव सेम! मग दुसरीकडे कशाला जातेस? ये बिनधास्त.’ आता हे आडनाव गल्लीगल्लीत सापडणारं, आणि खरं सांगायचं तर माझं म्हणावं असंही नाही. पण आयती सोय होतेय म्हटल्यावर मी कशाला तोंड उघडते!

मी साताऱ्याकडची. साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि भावाच्या घरी वरच्या खोलीत राहते. भाऊ चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर त्याच्यावर अन्याय व्हायचा. पण माझ्या बाबतीत त्याचं एकच पालुपद. ‘तू कशाला जातेस, मी आहे ना.’ बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या नंबराला, सगळीकडे तो आहेच. चाळिशी कधीच ओलांडलेली बाई मी, आणि कोल्हापूरच्या पुढे एकटी म्हणून गेले नव्हते. मुंबईचं कळल्यावर तो म्हणाला, ‘अनोळखी लोकांच्या घरी? डोकं फिरलंय का तुझं?’ दोन दिवस घरात धुसफुस झाली. शेवटी तह झाला तो असा, की जरा काही इकडचं तिकडे झालं तर मी त्याला फोन करायचा, आणि आमचा डोंबिवलीचा मामेभाऊ येऊन मला घेऊन जाणार. म्हणजे तो एक फोन केला की खेळ संपला. पुन्हा एकटीनं कुठे जायचं नाव काढायची सोय राहिली नसती. एस.टी.त बसताना मी मनाशी पक्कं केलं होतं, आभाळ कोसळलं तरी तो फोन करायचा नाही.

आणि बोरिवलीला उतरून बॅग खांद्याला लावतेय तोच आभाळ कोसळलं. दहिसरच्या बाईंचाच फोन. ‘ताई, कुठे पोचलीस? अगं, वाट लागली यार. गावाला आमचे चुलत सासरे वारले, आत्ताच कळलं. आम्हांला सुतक लागलं. आम्ही दोघं संध्याकाळच्या गाडीनं निघतोय. तुला कुठे ठेवू गं मी?’ बिचारी रडकुंडीला आली होती. मी काय बोलणार? असू दे, वाईट झालं, तुम्ही सावकाश जा, असं सगळं रीतसर म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्या कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. चार दिवस कळ काढली असती तर काय बिघडलं असतं?

स्टेशनच्या बाजूला एक लॉज दिसला. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे, मग माझ्या मागे बघितलं. ‘सोबत कोण आहे?’ म्हटलं, ‘मीच आहे माझ्यासोबत.’ तो म्हणाला, ‘एकट्या लेडीजला आम्ही रूम देत नाही.’ दुसऱ्या ठिकाणी तेच, फक्त हिंदीतून, ‘मॅडम, फॅमिली है तो बोलो.’ माझं डोकं सटकलं. ‘फॅमिली असती तर तुमच्या दारात कशाला आले असते!’ असं म्हणून मी तरातरा बाहेर पडले. बाहेर पडल्यावर ध्यानात आलं की जायला जागाच नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसले आणि साबुदाणा वडा मागवला. उपास नव्हता, पण रडण्यापेक्षा खाल्लेलं बरं.

तेवढ्यात भावाचा फोन. ‘पोचलीस का?’

‘पोचले की.’

‘त्या बाई बऱ्या आहेत ना?’

‘झकास आहेत.’

‘आवाज कसला येतोय?’

‘गरब्याची तयारी चाललीय बाहेर,’ म्हणून ठोकून दिलं. समोर पोऱ्या कपबश्या आपटत होता. अंधार पडायच्या आत काहीतरी करायलाच हवं होतं, आणि त्या मामेभावाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मी दुसरा चहा सांगितला तेव्हा दहिसरचा फोन परत वाजला. या खेपेला प्रश्न भलताच. ‘ताई, एक विचारू? रागावू नकोस हं. तुझं मूळ गाव कुठलं? म्हणजे कोकणातलं तर नाही ना?’ म्हटलं, नाही गं बाई, का? ‘मग तू रिक्षा कर आणि ये. लगेच ये. आल्यावर सांगते.’

चाळ पाडून नवी उभी केलेली ती इमारत नदीच्या अंगाला होती. दारात बॅगा भरून ठेवलेल्या, नवरा-बायको चपला घालून तयार. पुढच्या खोलीत भिंतीशी घट बसवलेला. मातीत धान कोवळं उगवलं होतं, वर माळा लोंबत होत्या आणि बाजूला समई. त्यापासून लांब, समोरच्या कोपऱ्यात या बाईंची सासू पाय पसरून बसली होती, आणि डोळे समईवर. मला वाटलं म्हातारी दिरासाठी शोक करतेय.

‘त्यांना दिराचं काही नाही गं,’ सूनबाई कुजबुजली. ‘दिव्याचं पडलंय.’

हकिगत अशी होती. मिल बंद पडली आणि सासरे घरी बसले, त्या वर्षी सासूनं हा घट मांडायला सुरुवात केली. नऊ दिवस अखंड दिवा. एकाही वर्षी विझला नव्हता. आता घट बसल्यावर मधेच सुतक आलं, तर घट काही हलवायचा नाही, पण घरातल्या कुणी त्याला शिवायचंही नाही. माळ घालायला, तेल घालायला बाहेरचं माणूस लागतं. सकाळी घातलेलं तेल तळाला चाललं होतं. मजल्यावरची बाकीची घरं त्यांच्याच गावची, त्यांच्याच भावकीची, म्हणजे सगळ्यांनाच सुतक. उरलेली एक गुजराती शेजारीण, तिची नेमकी पाळी. भटजींचा फोन नवरात्रात कसला लागतोय! आणि मग हिला मी आठवले.

मी आत पाऊल टाकणार तोच कोपऱ्यातून आवाज आला, ‘थंयच रव. आधी माका सांग.’

थांबले उंबऱ्यात.

‘आडनाव आमचाच मां तुझा? म्हणान विचारतंय. भावकी निघाली तर तुकापण सुतक. तुमचो कुळदेव खंयचो?’

आता आली का पंचाईत! ज्या आडनावानं मला सोय मिळवून दिली तेच आता वाटेत आडवं पडलं होतं. मी म्हटलं, ‘मावशी, कुळदेव कुणाचा सांगू? लग्नाआधीचा की नंतरचा?’

‘बाईमाणसाचो देव घोवाचोच. घोव खंय आसता तुझो?’

दारात नवरा-बायको उभे, जिन्यात भावकीतली दोन माणसं उभी, आणि सगळ्यांचे कान माझ्याकडे. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. सांगितली की बायकांचे चेहरे कसे होतात ते मला पाठ आहे. पण समईतली वात तडतडली आणि म्हातारीनं असा काही श्वास घेतला, की मी बोलून गेले.

‘घोव नाही, मावशी. सोडचिठ्ठी झालीय. आडनाव त्याचंच आहे, ते बदलायचं राहून गेलं. आधार, पॅन, बँक, कोण खेटे घालणार?’

‘सोडल्यान तुका?’

‘त्यानं नाही. मी सोडला.’

जिन्यातला एक माणूस खाकरला. म्हातारीला त्याचं काही नव्हतं. ती बोटांवर हिशेब करायला लागली, मोठ्यानं. ‘घोव सोडलंस, म्हणजे घोवाच्या भावकीचा नाय. बापाशीकडसून तर तू लगीन करून गेलंस, थंयचा पण नाय. पोरां?’

‘नाहीत.’

‘मगे तुका कोणाचाच सुतक नाय गे बाय!’

असा आनंद तिच्या तोंडावर फुलला, लॉटरी लागल्यासारखा. आणि माझ्या काळजात मात्र चर्र झालं. घटस्फोटाच्या वेळी वकील बोलला होता, भावकी बोलली होती, वहिनी आडून आडून बोलली होती, पण इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं. कुणी मेलं तरी ज्या बाईला आंघोळ करावी लागत नाही, ती बाई मी. डोळ्यांत पाणी आलं. लपवलं नाही, लपवायला वेळच नव्हता, कारण म्हातारी ओरडत होती, ‘रडतंस कित्याक? न्हाऊन ये बेगीन! दिवो विझूक देऊ नको!’

भिजलेल्या केसांनीच मी समईपुढे बसले. तेलाची बाटली कुठे, काजळी कशी झाडायची, वात किती पुढे ओढायची, सगळं ती कोपऱ्यातून सांगत होती. घाईत थोडं तेल ताटलीत सांडलं. ‘सांडूंदे, घाल तू,’ म्हणाली. ज्योत एकदा फडफडली आणि सरळ उभी राहिली. म्हातारीचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही. सूनबाईनं निघताना किल्ली मला हातात दिली नाही. खाली ठेवली, मी उचलली. तिला मला मिठी मारायची होती ते दिसत होतं, पण शिवायचं नव्हतं.

चार दिवसांसाठी आलेली मी दसऱ्यापर्यंत राहिले. रजा वाढवून घेतली. सकाळी झेंडूची माळ ओवून घालायची, दिवा भरायचा, आणि मग दिवस माझा. कान्हेरीला गेले. त्या थंडगार गुहांमध्ये दगडी बाकावर एकटीच बसून राहिले आणि कुणी मला ‘चल आता’ म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी होडीनं गोराईला गेले. दिवेलागणीच्या आत मात्र घरी, कारण तेल. संध्याकाळी मजल्यावरची भावकी दाराबाहेर उभी राहून हात जोडायची. ‘ताई, आमच्या वतीनं एक फूल वाहा हो.’ अख्ख्या मजल्यावर देवीला हात लावलेला चालेल अशी मी एकटी! मला काय भाव चढला होता म्हणून सांगू.

भावाला खरं सांगितलं ते माळ ओवताना. तो उसळलाच. ‘सुतकाच्या घरात राहिलीस? निघ तिथून. आत्ता पाठवतो त्याला डोंबिवलीहून.’

‘मला येता येणार नाही.’

‘का?’

‘दिवा आहे माझ्याकडे. तो टाकून कशी येऊ?’

देवीच्या दिव्यापुढे त्याचं ‘मी आहे ना’ चालेना. म्हणाला, ‘तेल पुरेसं आहे का?’ मी हसायलाच लागले. मग तोही हसला.

तोवर सूनबाई गावाहून परत आली होती, पण सुतक होतंच, त्यामुळे माझी नोकरी कायम. दसऱ्याला घट हलवला, धान काढलं, समई आपोआप शांत होऊ दिली. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली. घट उठला होता, आता शिवाशिवीचा प्रश्न नव्हता, म्हणून मावशींनी मला जवळ बसवून घेतलं आणि माझा हात आपल्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, पुढच्या वर्षी ये म्हणतील.

‘आयक. मी गेलंय काय, तू एक दिवस माझा सुतक धर.’

मी म्हटलं, ‘मावशी, सणासुदीचं काहीतरी काय बोलता!’

‘सणाचाच बोलतंय. माणसाक कोणाचातरी सुतक आसाक होया. एक दिवस. चलात मां?’

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. या बाईपुढे मुळूमुळू रडून चालत नाही हे मला एव्हाना कळलं होतं.

‘धरीन,’ म्हटलं. ‘पण इतक्यात नको हं, मावशी. रजा संपलीय माझी.’